रोजच्या वापरातली रोटरी: आरएक्स-7 चा जोर वाढवतानाच्या नोंदी

गाडी मझदा आरएक्स-7, एफडी3एस, 1997 ची, पाच गिअरची मॅन्युअल. इंजिन 13बी-आरईडब्ल्यू, रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेलं: 654 सीसीचे दोन रोटर, आणि एकामागून एक कामाला लागणारे दोन टर्बो. कारखान्यातून निघताना 265 पीएस (अश्वशक्ती). माझ्याकडे 2021 पासून आहे. या नोंदी सुरू करताना मीटरवर 94,300 किलोमीटर.

मी जपानात आइची प्रांतात, ओकाझाकीला राहतो. काम चिर्यूला. राष्ट्रीय मार्ग 1 वरून रोज जाऊन-येऊन चौतीस किलोमीटर, त्यातले निम्मे सिग्नलला उभं राहण्यात जातात. घरात दुसरी गाडी नाही. भाजीपाला, दवाखाना, स्टेशनवर पाहुणे आणायला जाणं, सगळं हिनेच. बायकोही चालवते. म्हणून ठरवलं ते असं: चाकांवर 50 पीएस तरी वाढावेत, पण ऑगस्टच्या दुपारी एसी लावून कोंडीत गाडी गरम होता कामा नये, रोज सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली पाहिजे, आणि दर दोन वर्षांनी होणारी शाकेन तपासणी विनातक्रार पार पडली पाहिजे. खर्चाचा अंदाज 6 लाख येन.

इथे, न्यूझीलंडला आणि ऑस्ट्रेलियात रोटरी घेतलेली काही मराठी मंडळी मला अधूनमधून विचारत असतात. त्यांच्यासाठी आकडे आणि चुका दोन्ही लिहून ठेवतोय.

14 ऑक्टोबर 2023

सुरुवात कॉम्प्रेशनपासून. पिस्टन इंजिनचा साधा गेज इथे उपयोगाचा नाही. रोटरला तीन बाजू असतात आणि तो गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो; एक बाजू गेलेली असली तरी कळत नाही. तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारं यंत्र असलेल्या रोटरीच्या दुकानात गेलो. 8,800 येन.

250 आरपीएमला, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये: पुढचा रोटर 8.1, 8.0, 8.2. मागचा 7.8, 7.9, 7.6. खालची मर्यादा 6.0 आहे आणि तीन बाजूंमधला फरक 1.5 च्या आत लागतो. दुकानाचे मालक सत्तरीचे आहेत, आयुष्यभर हीच इंजिनं उघडत आलेत. कागद हातात देऊन म्हणाले, "इंजिन चांगलं आहे. म्हणूनच सांगतो, घाई करू नका."

आकडे 6.5 च्या आसपास आले असते तर हे सगळे पैसे मी इंजिन उघडण्यासाठी बाजूला ठेवले असते. बूस्टला, म्हणजे टर्बो आत ढकलतो त्या हवेच्या दाबाला, हात लावण्याआधी हा कागद हवाच.

त्याच दिवशी डायनोवर, म्हणजे चाकांवरचा जोर मोजणाऱ्या यंत्रावरही चढवली (7,000 येन). 0.7 बूस्टला चाकांवर 229 पीएस.

21 ऑक्टोबर

पाण्याचं तापमान, बूस्ट आणि हवा-इंधन प्रमाण, असे तीन गेज बसवले. 58,000 येन. काम एका दुपारचं होतं, पण वायर आत ओढण्यात अख्खा दिवस गेला.

बसवल्याचा फायदा संध्याकाळीच कळला. डॅशबोर्डवरची मूळ सुई पाणी 82 ला असताना मध्यावर येते आणि 105 झालं तरी तिथेच असते. बाहेर 22 अंश, सिग्नलच्या रांगेत उभा होतो, नवा गेज 105 दाखवतोय, तेव्हा कुठे पंखे सुरू झाले. म्हणजे दोन वर्षं मी ही गाडी रोज 105 पर्यंत नेत होतो आणि मला पत्ताही नव्हता. या इंजिनात पाण्याच्या वाटा रबरी सीलने बंद केलेल्या असतात. उष्णतेने ते सील गेले की इंजिन पूर्ण उघडण्याशिवाय इलाज नाही.

जोराचं काम मागे ढकललं. आधी थंड ठेवायची व्यवस्था.

28 ऑक्टोबर ते 19 नोव्हेंबर: व्हॅक्यूमच्या नळ्या

दोन टर्बोंचा सगळा कारभार इंटेकखालच्या बारीक रबरी नळ्या आणि सोलेनॉइड चालवतात. 4,500 आरपीएमच्या खाली पहिला टर्बो एकटा, वर दोघं मिळून. सव्वीस वर्षांत नळ्यांची लाकडं झाली होती. वाकवली की कडकन तुटत होती.

तासाला 1,500 येन भाडं घेणारा एक पिट आहे, लिफ्टसकट. तिथे वरचा इंटेक उतरवला. एक नळी काढायची, तेवढीच सिलिकॉनची कापायची, बसवायची, मग पुढची. मी 58 तुकडे मोजले. नळीचा खर्च 9,400 येन, चेक व्हॉल्व्हसकट.

पहिल्या दिवशी हा क्रम पाळला. दुसऱ्या दिवशी वेळ वाचवायला म्हणून चार नळ्या एकदम काढल्या. फोटो होते, पण फोटोत चेक व्हॉल्व्हची दिशा दिसत नव्हती. एक उलटा बसला. गाडी सुरू झाली, खाली छान चालली, आणि 4,500 च्या वर दुसरा टर्बो आलाच नाही, बूस्ट 0.7 वरून 0.3 ला घसरून तिथेच राहिला.

लक्ष्मीपूजन 12 तारखेला रविवारी होतं. सकाळी पिटवर जाऊन वरचा इंटेक पुन्हा उतरवला, हाताच्या व्हॅक्यूम पंपाने एकेक ओळ तपासली, उलटा व्हॉल्व्ह सापडेपर्यंत तीन वाजले. संध्याकाळी घरी पाहुणे होते. नखांतलं काळं न निघालेल्या हातांनीच पूजा केली. त्या एका व्हॉल्व्हपायी दोन रविवार गेले. चेक व्हॉल्व्हवर पांढऱ्या पेनने बाणाची खूण करा, मगच काढा.

पुष्कळ जण या नळ्यांना कंटाळून दोन्ही टर्बो कायमचे एकत्र जोडतात, किंवा दोन्ही काढून एक मोठा बसवतात. मीही विचार केला होता. पण माझा रोजचा प्रवास 1,500 ते 3,500 आरपीएममध्ये होतो. तिथे पहिला लहान टर्बो एकटा असतो आणि पाय टेकवताच उचलतो. तो काढला की डायनोच्या कागदावर मोठा आकडा मिळेल आणि सिग्नलवरून निघताना गाडी मंद होईल. मला दोन टर्बो जसे आहेत तसेच हवे आहेत.

25 नोव्हेंबर

रेडिएटर (86,000), कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लास्टिकची टाकी काढून ॲल्युमिनियमची (18,000), सगळे मोठे होज (12,000), पंख्यांसाठी कंट्रोलर (19,000), 92 अंशांना सुरू होईल असा. जुनी टाकी काढताना जोडावर पांढरी भेग दिसली. प्लास्टिकचं वय झालं होतं. हायवेवर फुटली असती तर पाच मिनिटांत इंजिन संपलं असतं.

हवा काढायला घाई केली नाही. गाडीचं नाक वर करून, झाकण उघडं ठेवून, हीटर चालू ठेवून चाळीस मिनिटं. रात्री थंड झाल्यावर पुन्हा 300 मिली मावलं.

पाणी आता कोंडीत 94 ते 96.

बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा नाही, तेलाचा. "पाणी थंड झालं, पण तेल किती आहे ते बघितलंस का?" माझ्याकडे तेलाच्या तापमानाचा गेजच नव्हता. त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते पुढे जूनच्या नोंदीत येईल.

9 डिसेंबर

टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा फ्रंट पाइप बदलला. 52,000 येन, कागदपत्रांसह मिळणारा. मुख्य कॅटॅलिस्ट जागेवर ठेवला. मागचा मफलर आधीच्या मालकाने बसवलेला प्रमाणित मफलर आहे, तोही तसाच. हवेच्या फिल्टरची मूळ पेटी मुद्दाम ठेवली. उघडे फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतात.

इंजिनबेतली उष्णता हाताला जाणवेल इतकी कमी झाली. 3,000 ला टर्बो आधीपेक्षा लवकर भरतो.

16 डिसेंबर: सगळ्यात मोठी चूक

क्रम चुकवला. एक्झॉस्ट मोकळा केला की बूस्ट आपोआप वाढतो, कारण जास्तीचा वायू बाहेर सोडणाऱ्या वेस्टगेटचं भोक लहान पडतं. हे मला वाचून माहीत होतं. नवा ईसीयू (इंजिनचा संगणक) महिन्याभरात येणार होता, तोवर जपून चालवू म्हटलं.

रात्री शिन-तोमेईवर ओकाझाकी-हिगाशीहून चढलो. बाहेर 2 अंश. थंड हवा दाट असते. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबलेलाही नव्हता. बूस्ट 0.7, 0.85, 0.95, आणि थांबेच ना. 1.05 ला मूळ ईसीयूने इंधन तोडलं. मागून कोणी धडक दिल्यासारखा हिसका बसला. त्याच्या आधीच्या क्षणी हवा-इंधन प्रमाणाचा गेज 12.4 दाखवत होता (आकडा मोठा म्हणजे इंधन कमी). एरवी पूर्ण बूस्टला तो 10.8 असतो.

रोटरीत हे आकडे म्हणजे काय, ते सांगतो. बूस्टमध्ये इंधन कमी पडलं की मिश्रण वेळेआधी भडकतं, आणि रोटरच्या टोकावरची दोन मिलिमीटर जाडीची अपेक्स सील तो फटका सोसू शकत नाही. पिस्टन इंजिन चार-दोन वेळा खडखडून इशारा देतं. इथे पहिला इशारा हाच शेवटचा ठरू शकतो.

घरी येईपर्यंत 2,500 च्या वर गेलो नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा कॉम्प्रेशन. आणखी 8,800 येन. आकडे जसेच्या तसे. हातातला कागद वाचेपर्यंत माझं लक्ष दुसऱ्या कशात नव्हतं.

ईसीयू आणि वेस्टगेट आधी, एक्झॉस्ट नंतर. उलट क्रमाने करू नका, एका आठवड्यासाठीही नाही.

6 ते 28 जानेवारी 2024

टर्बो उतरवून वेस्टगेटचं भोक मोठं करून घेतलं. काम एवढंच, पण मॅनिफोल्डचे दोन स्टड तुटले. एक टॉर्चने तापवून निघाला, दुसरा दुकानात नेऊन ड्रिल करावा लागला. नवे गॅस्केट, नवे स्टड, दुकानाची मजुरी, सगळं मिळून 71,000. मी दोन रविवार धरले होते, लागले चार. गाडी पिटवर पडून, आणि मी तीन आठवडे मेइतेत्सु रेल्वेने कामाला.

स्टड आदल्या आठवड्यापासून रोज थोडं गंज सोडवणारं तेल पाजून ठेवले असते तर हे टळलं असतं. घाईत मी एकाच रात्री फवारलं.

त्याच वेळी आपेक्सीचा पॉवर एफसी ईसीयू, कमांडरसकट (त्याचे आकडे दाखवणारा हातात मावेल असा पडदा), वापरलेला: 1,38,000. मोठा इंधनपंप 24,000. पंपाला बॅटरीवरून वेगळ्या रिलेने थेट वीज दिली. जुन्या वायरीतून पंपापर्यंत 11.6 व्होल्ट पोचत होते, आता 13.5.

17 फेब्रुवारी: डायनो

65,000 येन, दिवसभर. 0.95 बूस्टला चाकांवर 306 पीएस. छापील कागद बघून आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण मालकांनी कमांडरवरचे दोन आकडे दाखवले: इंजेक्टर 94 टक्के वेळ उघडे, नॉकचा, म्हणजे मिश्रण वेळेआधी भडकण्याचा, आकडा 70 च्या घरात. 550 आणि 850 सीसीच्या मूळ इंजेक्टरांची क्षमता संपत आली होती. आणि खोलीत 9 अंश तापमान होतं. ऑगस्टमध्ये काय होईल?

ते म्हणाले, मोठे इंजेक्टर घाला, मग 0.95 ठेवू. दीड लाखाचं काम. शिवाय मोठ्या इंजेक्टरने मंद चालीला मिश्रण जमवणं कठीण जातं, हेही त्यांनीच सांगितलं. मी बूस्ट 0.85 ला आणायला सांगितला. 284 पीएस. इंजेक्टर 85 टक्के, नॉक 40 च्या खाली, मिश्रण 10.9.

22 पीएस सोडले. त्याचं वाईट वाटलं नाही. 3,000 आरपीएमला दोन्ही कागदांवर जोर सारखाच आहे, आणि मी राहतो तिथेच.

मार्च 2024: चालवण्यासारखी करताना

या महिन्यात एकही नवा भाग घेतला नाही आणि गाडी सगळ्यात जास्त याच महिन्यात सुधारली. लॅपटॉप जोडून रोज कामावर जाता-येता नोंद घेत होतो. 41 फाइल झाल्या.

पहिली तक्रार: 1,500 ते 2,000 मध्ये हलका पाय ठेवून रांगेत सरकताना गाडी घोड्यासारखी उसळायची. बायको एकदा चालवून आली आणि म्हणाली, "अरे, मान दुखायला लागली. आधीची बरी होती." बरोबर होतं तिचं. डायनोवर पूर्ण थ्रॉटलची ओळ नीट बसवली होती, पण ईसीयूतल्या इंधनाच्या तक्त्यात, म्हणजे नकाशात, आम्ही दिवसभर वापरतो त्या कोपऱ्यातल्या घरांत जुनेच आकडे होते. त्या भागात इंधन थोडं थोडं वाढवत गेलो, दोन-दोन टक्क्यांनी. एका वेळी एकच घर बदलायचं, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने तपासायचं. तीन आठवडे लागले.

दुसरी: 3,000 ला एक उचकी. यात मी नकाशाशी नऊ दिवस झटत होतो, आणि दोष नकाशात नव्हताच. थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज सरकलेलं होतं आणि इंजिनची अर्थिंगची वायर जिथे बॉडीला लागते तिथे गंज. घासून साफ केली, सेन्सर जागेवर आणला, उचकी गेली. खर्च शून्य. हे पहिल्या दिवशी तपासायला हवं होतं.

तिसरी: 4,500 ला दुसरा टर्बो येताना बूस्ट 0.8 वरून 0.5 पर्यंत पडायचा आणि मग एकदम उसळायचा. कोरड्या रस्त्यावर नुसता त्रास, ओल्या वळणावर मागची चाकं सुटतील असा धोका. दुसऱ्या टर्बोला आधीपासून फिरवत ठेवणाऱ्या ॲक्च्युएटरची नळी टोकाला किंचित चिरली होती, नोव्हेंबरात मीच बसवलेली. टोकदार कडेवर ओढून बसवली होती ती. नवी घातली, शिवाय प्रत्येक जोडाला बारीक क्लॅम्प. आता पडतो तो 0.7 पर्यंतच, आणि पायाला कळतही नाही.

क्लच आणि फ्लायव्हील बदलायचा मोह या काळात दोनदा झाला. फ्लायव्हील हलकं केलं की रोटरी चढावर निघताना बंद पडते, आणि आमच्या सोसायटीचं पार्किंग उतारावर आहे. मूळचंच ठेवलं.

6 ते 9 एप्रिल

मूळ योजनेत खालचे लीडिंग प्लग 7 नंबरचे, वरचे ट्रेलिंग 9 नंबरचे. बूस्ट वाढला म्हणून एका ओळखीच्याच्या सांगण्यावरून चारही 9 चे घातले. ट्रॅकवर ते योग्य असेल. पण 9 चा प्लग थंड राहतो आणि चौतीस किलोमीटरच्या थांबत-थांबत प्रवासात त्याच्यावरची काजळी जळून जात नाही.

8 तारखेला संध्याकाळी पार्किंग धुणार होते म्हणून बायकोने गाडी दहा मीटर पुढे घेतली आणि बंद केली. थंड रोटरीला हे चालत नाही. आत साठलेलं पेट्रोल सीलवरचं तेल धुऊन टाकतं, कॉम्प्रेशन जातं आणि ओले प्लग ठिणगी देत नाहीत. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, चूक माझी.

सकाळी पाडवा, गुढी उभारून झाली, आणि गाडी सुरू होईना. इंधनाचा फ्यूज काढून सेल्फ मारला, प्लग काढून पुसले, भोकांतून दोन-दोन चमचे टू-स्ट्रोक तेल सोडलं, शेजाऱ्यांच्या गाडीवरून वीज घेतली. सव्वा तासाने सुरू झाली. पाच मिनिटं पांढऱ्या धुराचे लोट, सगळ्या खिडक्यांतून लोक बघत होते. पेढे घेऊन घरोघरी माफी मागून आलो.

परत 7 आणि 9. दोनदा प्लगचे मिळून 16,000 येन. आमच्या घरातला नियम आता असा: एकदा सुरू केली की काटा हलेपर्यंत बंद करायची नाही, दहा मीटरच न्यायची असली तर ढकलायची.

29 एप्रिल ते 3 मे

सुट्ट्यांच्या आठवड्यात वापरलेला फ्रंट-माउंट इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी, गाडीच्या नाकात बसणारी) बसवला. 55,000, पाइपांचे 11,000. मूळ इंटरकूलर खरोखरच लहान आहे. कोंडीत उभं राहिल्यावर कमांडरवर हवेचं तापमान 70 पर्यंत चढत होतं. आता 41. होन्गूसान स्कायलाइन या डोंगरातल्या रस्त्याने जाऊन आलो, एकसारखा जोर. खूप समाधान वाटलं.

15 जून

समाधान मेमधलं होतं. आज बाहेर 33, एसी चालू, राष्ट्रीय मार्ग 1 वर अपघातामुळे पाऊण तास खोळंबा. पाणी 97, 101, 104. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, हीटर लावला. 108 ला गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. पंप थांबला की आतलं पाणी जागेवर उकळतं. बॉनेट उघडून उभे राहिलो. दहा मिनिटांनी 98.

कारण समोरच होतं. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलरची एवढी मोठी जाळी टांगली की त्याला मिळते ती अडलेली आणि आधीच तापलेली हवा. चालत्या गाडीत निभावतं, उभ्या गाडीत नाही.

22 जून ते 13 जुलै

इंटरकूलर काढला, 40,000 ला विकला. पाइपांसह 26,000 चा तोटा आणि पिटचे अठरा तास. व्ही-माउंटचा विचार केला. इंटरकूलर आणि रेडिएटर दोघांना वेगळी हवा मिळते, पण रेडिएटर तिरपा करावा लागतो, बॅटरी हलवावी लागते, आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेर. शेवटी मूळ जागीच बसणारा पण जाड इंटरकूलर घेतला, 98,000. नाकापासून त्याच्यापर्यंतची वाट मी ॲल्युमिनियमच्या पत्र्याने स्वतः बनवली. पहिली वाट बॉनेटला घासली, दुसरी बसली. कडेला फोमची पट्टी लावून फटी बंद केल्या. ती पट्टी लावल्यावर हवा आणखी 5 अंशांनी उतरली.

त्याच पिटवर तेलाच्या तापमानाचा एक उसना गेज लावून डोंगर चढलो. 118. बाबांचा प्रश्न आठवला. या इंजिनात रोटर आतून तेलानेच थंड होतात, त्यामुळे पाणी 95 दाखवत असलं तरी तेवढ्याने काम भागत नाही. माझ्या गाडीला एकच ऑइल कूलर होता. दुसऱ्या बाजूला जोडीचा बसवला, 74,000. तोच चढ, तोच वेग, 102.

10 ऑगस्ट

मुद्दाम दुपारी दोन वाजता निघालो. बाहेर 37. एसी पूर्ण, दोघं जण, सामान. ओबोनच्या सुट्टीची गर्दी, चिर्यूपर्यंत एक तास दहा मिनिटं. पाणी 97 च्या वर गेलं नाही. इंटेकची हवा उभ्या गाडीत 58, चालू लागल्यावर दोन मिनिटांत 48. एसीचा कॉम्प्रेसर लागताना इंजिन 650 पर्यंत पडून थरथरायचं. एसी चालू असतानाचा आयडल 950 केला, थरथर गेली.

बायको शेजारी बसून गेजकडे बघत होती. घरी पोचल्यावर म्हणाली, "मला वाटलं, आज पण उतरून उभं राहावं लागणार." पुढच्या आठवड्यात तिने स्वतःहून चावी मागितली.

24 ऑगस्ट

नव्या इंटरकूलरसाठी पुन्हा डायनो, 38,000. बूस्ट 0.85 च. खोलीत 34 अंश असताना 281 पीएस. फेब्रुवारीत 9 अंशांना 284 होते. नॉक 42.

7 सप्टेंबर

शाकेन परवा झाली. आवाज 93 डेसिबल, धूर मर्यादेत, एकाही भागावर हरकत नाही. नवीन येणाऱ्यांनी कराचा हिशेब धरून ठेवा: रोटरीची सीसी करासाठी दीडपट धरतात, म्हणजे 1,308 चे 1,962, आणि तेरा वर्षांवरच्या गाडीला वर 15 टक्के. माझा वार्षिक कर 45,400 येन.

आज गणपतीसाठी तोक्योला आलो. शिन-तोमेईने साधारण 300 किलोमीटर. पाणी 86, तेल 94, ॲव्हरेज 9.1. शहरात 6.0 मिळतं, काम सुरू करण्याआधी 6.1 होतं, फेब्रुवारीतल्या डायनोनंतर 5.3 वर आलं होतं. हायऑक (जास्त ऑक्टेनचं) पेट्रोल सप्टेंबर 2024 मध्ये लिटरला 185 येनच्या आसपास होतं, त्यामुळे मार्चमधल्या त्या 41 फाइलींचे पैसे दर महिन्याला परत मिळतात. इंजिनचा, सीलना तेल पुरवणारा पंप तसाच चालू ठेवलाय, शिवाय दर 60 लिटर पेट्रोलमागे 300 मिली टू-स्ट्रोक तेल टाकीत. इंजिनऑइल दर 3,000 किलोमीटरला.

12 ऑक्टोबर 2024

वर्ष झालं. 1,03,900 किलोमीटर. तेच दुकान, तेच यंत्र, 8,800 येन.

पुढचा रोटर 8.1, 8.0, 8.1. मागचा 7.8, 7.8, 7.6.

एकूण खर्च 9,81,800 येन, पिटचे 96 तास धरून. त्यातले फ्रंट-माउंटचे 26,000, जास्तीच्या प्लगचे 8,000 आणि डिसेंबरातल्या कॉम्प्रेशनचे 8,800 केवळ माझ्या चुकांचे. पिटचे निदान तीस तासही त्याच खात्यात.

मालकांनी आकड्यांचा कागद गेल्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवून बघितला आणि विचारलं, मोठे इंजेक्टर मागवायचे का. नको म्हणालो. मागच्या डिफरन्शियलच्या बुशांतून आवाज येतोय, पुढचं काम ते.